‘नॉर्मल’ शेरा आणि चारशे युनिटचं बिल

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतला जुना वाडा. दिंडी दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला देवडी आणि देवडीत लाकडी फळीवर वीजमीटर. घरात सासूबाई, मुलगा, सून आणि कॉलेजला जाणारी नात. चार ट्यूब, तीन पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर एवढाच पसारा. अंघोळीचं पाणी गॅसवर. महिन्याचा वापर नव्वद-पंचाण्णव युनिट आणि बिल आठशेच्या आसपास. डिसेंबर २०२४ मध्ये याच घराला एका महिन्याचं म्हणून ४०० युनिटचं बिल आलं. रक्कम सव्वापाच हजारांच्या वर.

अशा वेळी घरात पहिला संशय मीटरवर जातो, दुसरा शेजाऱ्यावर. इथे दोघेही निर्दोष होते. मीटर बरोबर चालत होता, चारशे युनिटं खरोखर जळली होती, आणि तरीही बिल सुमारे चोवीसशे रुपयांनी चुकलेलं होतं. ही चूक बिलाच्या कागदावर उघड छापलेली होती, पण पाच महिने ती कुणी वाचली नाही.

बिल उलगडताना

जुलैपासूनची सहा बिलं एकापुढे एक मांडली. १० जुलैचं रीडिंग १४,२१२. पुढे ऑगस्टला १४,२३२, सप्टेंबरला १४,२५२, ऑक्टोबरला १४,२७२, नोव्हेंबरला १४,२९२. चारही महिने नेमकी वीस-वीस युनिटं. मग १० डिसेंबरला एकदम १४,६९२.

माणसांच्या घरात वीज अशी मोजूनमापून जळत नाही. गणपती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हिशोबात, नवरात्र ऑक्टोबरच्या, दिवाळी नोव्हेंबरच्या, तरी आकडा वीसच. ही रीडिंग मीटरसमोर उभं राहून घेतलेली नव्हती. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नात कॉलेजला, सासूबाईंना ऐकू कमी येतं. दिंडी आतून लावलेली. रीडिंग घेणारा आला, कडी वाजवली, दार उघडलं नाही, आणि त्याने अंदाजाने आकडा टाकला.

याहून मोठी गोम पुढे आहे. रीडिंग मिळालं नाही तर बिलावर तसा शेरा यायला हवा: दार बंद असेल तर ‘लॉक’, मीटरपर्यंत पोचता येत नसेल तर ‘इनअ‍ॅक्सेस’, मीटर बिघडला असेल तर ‘फॉल्टी’. असा शेरा पडला की सरासरीने बिल निघतं आणि संगणकाच्या लक्षात राहतं की हा महिना कच्चा आहे. पुढे खरं रीडिंग आलं की मधली सगळी युनिटं तेवढ्या महिन्यांत वाटली जातात आणि आधी भरलेली रक्कम वजा होते. कार्यालयात याला ‘लॉक क्रेडिट’ म्हणतात. या घराच्या चारही बिलांवर मात्र शेरा होता ‘नॉर्मल’. संगणकाच्या दृष्टीने घराने चार महिने खरोखर वीस-वीस युनिटं वापरली आणि पाचव्या महिन्यात अचानक चारशे. वाटणी करायचं त्याला कारणच उरलं नाही.

म्हणून ‘लॉक’ शेरा दिसला तर घाबरू नये. धोका खोट्या ‘नॉर्मल’मध्ये जास्त असतो. रीडिंगचं काम बहुतेक ठिकाणी एजन्सीकडे असतं, आणि ‘लॉक’, ‘फॉल्टी’ शेरे वाढले की एजन्सीला विचारणा होते. दार वाजवत उभं राहण्यापेक्षा वीस युनिट टाकून पुढच्या घराला जाणं रीडिंगवाल्याला परवडतं. त्यात ग्राहकही तक्रार करत नाही, कारण बिल तीनशेच्या आत आलेलं असतं. या घरात तर सासूबाईंनी ‘यंदा बिल कमी येतंय’ म्हणून कौतुकच केलं होतं.

चोवीसशे रुपये आले कुठून

वीज कंपनीच्या, म्हणजे महावितरणच्या, २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकासाठी वीज आकार आणि वहन आकार मिळून प्रतियुनिट दर असे होते: पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२ आणि ५०० च्या पुढे १७.८१. शंभरावं युनिट ओलांडलं की सगळ्याच युनिटांना दुप्पट दर लागतो असा समज पेठेपासून उपनगरापर्यंत सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण शंभरच्या आत राहणाऱ्या घराची पाच महिन्यांची युनिटं एका महिन्यात कोंबली, तर तीच युनिटं वरच्या टप्प्यांत, म्हणजे स्लॅबमध्ये, ढकलली जातात.

डिसेंबरच्या ४०० युनिटांचा हिशोब: १०० × ५.८८ = ५८८ रुपये; २०० × ११.४६ = २,२९२ रुपये; १०० × १५.७२ = १,५७२ रुपये. एकूण ४,४५२. आधीच्या चार महिन्यांच्या ८० युनिटांचे ४७०.४० रुपये भरून झालेले. म्हणजे पाच महिन्यांचे ४,९२२.४० रुपये.

खरा हिशोब: १४,६९२ वजा १४,२१२ म्हणजे ४८० युनिटं. पाच महिन्यांत भागली की महिन्याला ९६. सगळी पहिल्या टप्प्यात. ४८० × ५.८८ = २,८२२.४०.

फरक बरोबर २,१०० रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क ३३६. एकूण २,४३६. इंधन समायोजन आकार लागलेला असेल तर तोही टप्प्यानुसार असतो, त्यामुळे फरक थोडा आणखी वाढतो. अर्जात तो आकडा कंपनीनेच काढावा असं लिहिलेलं बरं.

हा हिशोब वहीच्या एका पानावर मावतो, आणि तो सोबत घेतल्याशिवाय कार्यालयात जाऊ नये. ‘बिल जास्त आलंय’ या वाक्याला तिथे किंमत नाही. दिवसातून पन्नास वेळा ते कानावर पडतं. ‘पाच महिन्यांची युनिटं एका महिन्यात लागलीत, स्लॅबची वाटणी करून द्या’ असं म्हटलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो.

टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये राज्यभर हेच झालं होतं. तीन महिन्यांचं एकत्र बिल आलं, लोक चिडले, आणि युनिटं महिन्यांत वाटून स्लॅबचा फायदा दिलाय हे कंपनीला सांगत बसावं लागलं. तेव्हा सगळ्यांचंच बिल फुगलं होतं म्हणून आवाज झाला. एकट्यादुकट्याच्या बिलासाठी बिंदू चौकात मोर्चा निघत नाही. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी सगळं कोल्हापूर रस्त्यावर आलं, ते गाऱ्हाणं सगळ्यांचं एक होतं म्हणून. सुट्या बिलाची लढाई कागदावरच होते.

मीटर तपासणीच्या नादी का लागले नाहीत

१६ डिसेंबरला सूनबाई महावितरणच्या उपविभाग कार्यालयात गेल्या. खिडकीवरचं उत्तर ठरलेलं होतं: “मीटरवर हाईत तेवढीच युनिटं लावल्यात, वहिनी. शंका असंल तर तपासणीचा अर्ज द्या, न्हाईतर हप्ते पाडून देतो.”

दोन्ही वाटा सौजन्याच्या वाटतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. तपासणीचं शुल्क भरायचं, मीटर प्रयोगशाळेत जाणार, महिना-दोन महिने लागणार, आणि अहवाल येणार ‘मीटर अचूक’. तो अहवाल मग ग्राहकाच्याच विरोधात फाईलला लागतो. हप्त्यांचं तर त्याहून वाईट. हप्ते मागणं म्हणजे रक्कम मान्य करणं. स्लॅबचा मुद्दा तिथेच संपतो.

मीटरबद्दल मनात किंतू असेलच तर घरी पाच मिनिटांत खात्री होते. मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघायचा. घरातला सगळा भार बंद असताना तो लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन स्विचच्या मधल्या वायरीतून कुणीतरी वीज घेतंय किंवा मीटर बिघडलाय. मग पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीत ठेवून, बाकी सगळं बंद करून, एक मिनिट दिवा मोजायचा. मीटरच्या तोंडावर बहुधा ३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटाला ३२०० वेळा दिवा लुकलुकतो. १००० वॅटला मिनिटाला साधारण ५३ वेळा. व्होल्टेज कमी असेल तर पन्नासच्या आतबाहेर. सत्तर-ऐंशी दिसले तर तपासणीचा अर्ज करण्यात अर्थ आहे. या घरात ५१ आले. (रॉड चालू असताना पाण्याला हात लावू नये, आणि रॉडचं बटण बंद करूनच बादली हलवावी.)

मीटर खरोखर बंद किंवा सदोष निघाला तर नियम वेगळे लागतात. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेनुसार तेव्हा मागच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचंच बिल दुरुस्त करता येतं. दोन प्रकारांची गल्लत झाली की अर्ज भलत्याच टेबलावर फिरत राहतो.

पुरावा कुठे मिळाला

तीन ठिकाणी.

पहिला बिलावरच. रीडिंग घेताना मीटरचा फोटो काढावा लागतो आणि तो बिलावर छापून येतो. छापील बिलात तो तिकिटाएवढा आणि काळपट असतो, पण बिलाची फाईल उतरवून पडद्यावर मोठी केली की बरंच काही दिसतं. ऑगस्टच्या बिलावर नुसता काळा चौकोन. सप्टेंबरच्या फोटोत दिंडीची पितळी कडी आणि शेजारी चिकटवलेली लक्ष्मीची पावलं. ऑक्टोबरच्या फोटोत मीटर होता, पण मीटरचा क्रमांक या घराच्या मीटरचा नव्हता. तो कुणा तिसऱ्याच घरचा. नोव्हेंबरला पुन्हा अंधार. डिसेंबरचा फोटो मात्र लख्ख, १४,६९२ स्पष्ट वाचता येतं. त्या दिवशी घरात कुणी असावं.

दुसरा पुरावा नातीच्या फोनमध्ये निघाला. २ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दारावर माळ लावायची म्हणून वायरमन बोलावला होता. मेन स्विचचं प्लॅस्टिक तडकलेलं दिसलं म्हणून त्याने तो बदलायला सांगितला, आणि नातीने बाबांना दाखवायला फोटो पाठवला. फोटोच्या कोपऱ्यात मीटरही आला होता: १४,४७१. कंपनीच्या १० ऑक्टोबरच्या बिलात रीडिंग १४,२७२. म्हणजे बिलाच्या आठ दिवस आधीच मीटर १९९ युनिटं पुढे होता. मीटरवरचा आकडा असा मागे जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोला तारीख-वेळ असते. तो संवाद तसाच ठेवून पडद्याचं चित्र छापून जोडलं.

तिसरा कागद म्हणजे सीपीएल, ग्राहकाची वैयक्तिक खातेवही. प्रत्येक महिन्याचं मागचं-पुढचं रीडिंग, युनिटं, शेरा, आकारणी, भरणा आणि केलेल्या दुरुस्त्या त्यात एका ओळीत असतात. तोंडी मागितली तर ‘नंतर या’ होतं. अर्जातच ‘जानेवारी २०२४ पासूनची सीपीएल द्यावी’ अशी ओळ टाकली की ती द्यावी लागते. या प्रकरणात चार ओळींत चार वेळा ‘नॉर्मल’ आणि २० एकाखाली एक छापून आलं. पुढचं समजवायला फार बोलावं लागलं नाही.

अर्ज

आणखी एक अडथळा खिडकीवर आला. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आणि सासरे २०२३ मध्ये गेलेले. ‘ज्याच्या नावावर बिल त्यानं अर्ज करायचा’ असं ऐकवलं गेलं. वीज कायदा २००३ च्या कलम २(१५) मध्ये ‘ग्राहक’ या शब्दात ज्याच्या जागेत वीजजोडणी चालू आहे तो माणूसही येतो. नावबदल करून घ्यावाच, पण तो वेगळा विषय. त्यासाठी बिलाची तक्रार अडवता येत नाही. सूनबाईंनी अर्जाखाली स्वतःची सही केली आणि नात्याचा उल्लेख केला.

१८ डिसेंबरला दिलेला अर्ज एवढाच होता:

“विषय: पाच महिन्यांची युनिटं एका महिन्यात आकारल्याबद्दल बिल दुरुस्ती. महोदय, वरील १२ अंकी ग्राहक क्रमांकाचं १० जुलै २०२४ चं रीडिंग १४,२१२ होतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत प्रत्यक्ष रीडिंग न घेता ‘नॉर्मल’ शेऱ्याने दरमहा २० युनिटं लावली आहेत. बिलांवरील फोटोंत आमचा मीटर दिसत नाही. २ ऑक्टोबरला प्रत्यक्ष रीडिंग १४,४७१ होतं (फोटो जोडला आहे). १० डिसेंबरच्या १४,६९२ या रीडिंगबद्दल आमचा वाद नाही. एकूण ४८० युनिटं पाच महिन्यांत विभागून, टप्प्यांचा लाभ देऊन, वीज शुल्कासह बिल दुरुस्त करावं आणि आधी भरलेली चार बिलं पूर्ण रकमेने वजा करावीत. दुरुस्ती होईपर्यंत मान्य रक्कम हरकतीसह भरत आहोत. जानेवारी २०२४ पासूनची सीपीएल द्यावी. सोबत: सहा बिलं, फोटो, हिशोबाचं पान.”

‘रीडिंगबद्दल आमचा वाद नाही’ ही ओळ सगळ्यात कामाची. ती वाचल्यावर मीटर तपासणीचा फाटा आपोआप मिटतो. अर्ज दोन प्रतींत नेला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. शिक्का दुपारच्या जेवणानंतर मिळतो हे गृहीत धरून जायचं.

भरायचं किती

बिल वादात आहे म्हणून काहीच न भरणं ही नेहमीची चूक. कलम ५६(१) सांगतं की वीज तोडण्याआधी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. त्याच कलमाच्या परंतुकानुसार ग्राहकाने हरकत नोंदवून दोन रकमांपैकी जी कमी ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एक, मागितलेली पूर्ण रक्कम. दुसरी, मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम. या घराची गंमत अशी की चार महिने खोटी छोटी बिलं आल्यामुळे ती सरासरी साडेचारशेच्या आसपास आली होती. कायद्याने तेवढे भरून चाललं असतं.

पण उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं आणि मान्य असलेली रक्कम कधीतरी द्यावीच लागते. म्हणून स्वतःच्या हिशोबाने देय असलेली रक्कम भरली: २,८२२.४० मधून आधीचे ४७०.४० वजा जाता २,३५२, त्यात डिसेंबरचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरलेली रक्कम) आणि शुल्क मिळून २,९०० च्या आसपास. खिडकीवर अर्धवट रक्कम घ्यायला नकार मिळाला, तो बहुतेक वेळा मिळतोच. बिलावर अधिकाऱ्याची ‘पार्ट पेमेंट घ्यावे’ अशी सही आणली की रोखपाल घेतो. पावतीच्या मागे आणि अर्जाच्या प्रतीवर ‘हरकतीसह भरणा’ लिहून ठेवलं.

जानेवारीच्या बिलावर अर्थातच ‘मागील थकबाकी’ छापून आली, आणि महिनाअखेरीस लाइनमन यादी घेऊन दारात उभा राहिला. सासूबाई एकट्याच घरी. सूनबाईंनी आवक शिक्क्याची प्रत आणि पावती मीटरच्या फळीवरच प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकवून ठेवली होती, ते कामी आलं. त्याने कागद वाचला, उपविभागात फोन लावला आणि “लेखी नोटीस निघालेली न्हाई, आज्जी, ऱ्हावू दे” म्हणून पुढे गेला.

याच काळात घरच्या फोनवर ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा’ असा मेसेज आला. तो ठगांचा होता. ज्यांचं बिल खरंच वादात आहे ते अशा मेसेजला सगळ्यात लवकर फसतात, कारण भीती खरी असते. दिलेल्या नंबरला फोन करायचा नाही, कुठलंही अ‍ॅप उतरवायचं नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला कळवायचं.

मेसेज येत का नव्हते

रीडिंगच्या सुमारास ग्राहकाला एसएमएस येतो, बिलाचा येतो, आणि स्वतः फोटो काढून रीडिंग पाठवायची सोय अ‍ॅपवर असते. या घराला सगळं वर्ष एकही मेसेज आला नव्हता. नोंदवलेला मोबाईल सासऱ्यांचा. ते गेल्यावर सिम कपाटात पडलं, रिचार्ज कुणी केला नाही, नंबर बंद झाला आणि कालांतराने दुसऱ्या कुणाला दिला गेला. पेठेतल्या घराचं बिल कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत होतं.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याच्या २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस काहीच वापर नसल्याशिवाय बंद करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये वा जास्त शिल्लक असतील तर त्या कारणाने बंद करता येत नाही. घरातला कर्ता माणूस गेला की बँक, गॅस, वीज, सगळ्यांचे मेसेज त्याच नंबरवर जात असतात हे तेराव्यापर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. ते नव्वद दिवस हातात असतानाच सिम वारसाच्या नावावर करून घ्यावं, किंवा निदान सगळीकडचा नंबर बदलून घ्यावा.

‘म्हातारीच्या फोनला महिन्याला एवढा रिचार्ज कुठून?’ हा प्रश्नही खरा आहे. सासूबाईंच्या साध्या फोनवर डेटा चालतच नाही, पण रिचार्ज डेटाचाच, तोही २८ दिवसांचा. वर्षाला बाराऐवजी तेरा. ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला लावला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर देणं बंधनकारक केलं. मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायची मुभा दिली. दुकानदार ते आपणहून सांगत नाही. ‘बिनडेटाचा प्लॅन दाखवा’ असं म्हणावं लागतं. सासूबाईंचा नंबर अशा व्हाउचरवर टाकला आणि वीजबिलाला सूनबाईंचा नंबर नोंदवला.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतली चूक

महिना उलटूनही उत्तर नाही म्हणून २० जानेवारीला स्मरणपत्र दिलं. त्यात एकच वाक्य जास्त होतं: दुरुस्ती न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाऊ. वीज कायद्याच्या कलम ४२(५) खालचा हा मंच कोल्हापूर परिमंडळालाही आहे. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं, वकील लागत नाही, आणि निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. वीजचोरी आणि अनधिकृत वापराची प्रकरणं मात्र मंच घेत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा असतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पण चोवीसशे रुपयांच्या स्लॅबसाठी मंचाची वाट सरळ. इचलकरंजीत तर प्रताप होगाडे यांच्या वीज ग्राहक संघटनेने अशा तक्रारींची सवय लोकांच्या अंगी मुरवलीय. कोल्हापूर शहरात अजून पुष्कळ जण हप्त्यांवरच समाधान मानतात.

मंचापर्यंत जायची वेळ आली नाही. बी-८० भरला गेला, म्हणजे बिल दुरुस्तीची अंतर्गत मंजुरी झाली, आणि फेब्रुवारीच्या बिलात वजावट दिसली. पण ती अपेक्षेपेक्षा सहाशेच्या आसपास कमी. सूनबाईंनी पुन्हा सीपीएल मागितली. पाच महिन्यांचं नवं बिल बनवताना स्थिर आकार पाच वेळा धरला होता, ते बरोबर. पण आधीची चार बिलं वजा करताना फक्त युनिटांचे ४७०.४० रुपये वजा केले होते, त्यांत भरलेला चार महिन्यांचा स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क नाही. म्हणजे तो दुसऱ्यांदा वसूल झाला. अर्जात ‘पूर्ण रकमेने वजा करावीत’ हे शब्द होते म्हणून नवा अर्ज करावा लागला नाही. त्याच आवक क्रमांकाच्या खाली पुरवणी पत्र जोडलं. मार्चच्या बिलात ती रक्कम आली.

राहिला विलंब आकार. मूळ फुगलेल्या बिलावर सव्वा टक्क्याने लागलेले साठ-सत्तर रुपये. चुकीच्या बिलाचा उशीर ग्राहकाच्या माथी का, हा मुद्दा बरोबर आहे आणि तेही मागता येतात. सूनबाईंनी अर्ज लिहून ठेवला आहे, पण अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो नेऊन द्यायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही.

सुताराला बोलावून दिंडीच्या उजव्या फळीला मीटरच्या उंचीवर वीतभर चौकोन कापला आहे आणि आतून काच बसवली आहे. बाहेर उभं राहून रीडिंग आणि मीटरचा क्रमांक दोन्ही वाचता येतात. दर महिन्याच्या नऊ तारखेला नात त्याच काचेतून फोटो काढते आणि बिल आलं की त्याच्या शेजारी धरते.